बोर्डो पेस्टसाठी चुना कसा पारखायचा

संत्र्याच्या खोडाला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) अन् चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची म्हटलं की सगळे मोरचुदाच्या भावावर घासाघीस करतात, चुन्याकडे कोणी पाहत नाही. अन् पेस्ट बिघडते ती बहुतेक चुन्यानंच. आपल्याकडे चुनखडीला तोटा नाही बाप्पा. चंद्रपूरकडची सिमेंट कारखान्यांत जाते, वणीजवळ राजूरला भट्ट्यांत भाजून चुना होतो.

दुकानात फक्की, म्हणजे विरलेल्या चुन्याची पूड घेऊ नका, कळीचा चुना, म्हणजे न विरवलेले खडे मागा. खडा हाताला हलका लागावा. जड लागला तर आतून कच्चा आहे. पाणी शिंपडलं की चर्र करून वाफ निघावी, खडा फुटून पीठ व्हावं. पोतं उघडं पडलेलं असेल तर सरळ परत करा.

एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात रात्रीच भिजवा, बादली प्लास्टिकची. एक किलो चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये विरवा. डोळे सांभाळा, उकळून उडतो. थंड झाला की गाळा, मग मोरचुदाचं पाणी त्यात ओतत ढवळा. विळ्याचं स्वच्छ पातं बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पावसाळ्याआधी, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. कालवलेली त्याच दिवशी संपवा.