हक्कसोड पत्र पुढे आलं की काय बोलायचं

वडिलांचं तेरावं उरकलं की, नाहीतर भाऊबीजेची जेवणं झाली की हळूच फाइल बाहेर येते, आत हक्कसोड पत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडून दिल्याचा कागद. "ताई, एवढी सही कर गं, नुसती फॉरमॅलिटी आहे." काका बसलेत, वहिनी चहा घेऊन उभी, सगळे तुमच्याकडे बघतायत. मुळशी, मावळ, हवेलीत जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेलेत, त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच जणींना हा सीन पाठ आहे.

त्या क्षणी "नाही" म्हणायचीही गरज नसते. "दादा, झेरॉक्स दे, घरी नीट वाचते मग सांगते", बस. हे घरी दोन-चारदा मोठ्याने बोलून बघा, आयत्या वेळी घशातून शब्द फुटत नाही. कारणं देत बसू नका, एक कारण दिलं की त्यावर चार उत्तरं तयार असतात. आणि "ह्यांना विचारून सांगते" तर अजिबात नको, मग सगळं जावयावर जातं, त्यानेच कान भरले म्हणून.

"तुझ्या लग्नात केवढा खर्च केला" हे येणारच (भावाच्या लग्नाचा हिशोब कोणी काढत नाही, ते असो). "खर्च केलात, मान्य आहे, पण कागद वाचूनच सही करीन" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड जातं, कोणी बोलेनासं झालं की आपल्यालाच कसंतरी होतं आणि "बरं, आण इकडे" म्हणून आपण मोकळ्या होतो.

आतून खात्री असली की आवाज आपोआप स्थिर होतो, म्हणून कायदा थोडक्यात. हिंदू वारसा कायद्यात 2005 ला बदल झाला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हा बदल लागू झाला त्या दिवशी, वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती कायम राहते. लग्नाच्या खर्चाने हक्क संपत नाही.

सातबारा (जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा) महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर बघता येतो, तुमचं नाव लागलंय का ते आधी बघा. फेरफारची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नावं बदलण्याची, नोटीस आली तर 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथे उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं.

मनापासून भावाला द्यायचं असेल तर खुशाल द्या, माझं काही म्हणणं नाही. पण हक्कसोड एकदा रजिस्टर झालं की माघारी फिरणं फार अवघड, त्यामुळे सहीआधी गट नंबर (जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा नंबर) स्वतः वाचा, बोलणं एका गटाचं झालेलं असतं आणि कागदात चार निघतात.