रीट्रेस झालं, पण भलत्याच क्लासचं

पहिलं अँड्रॉइड अ‍ॅप लोकांच्या हातात देणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आर८ (रिलीज बिल्डमध्ये कोड आटवणारं आणि नावं ए, बी, सी अशी झाकणारं साधन) म्हणजे काय, मिनिफाय (ते चालू करायची सेटिंग) कुठं चालू करायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी पडलो तो खड्डा त्याच्या पुढचा आहे.

आमचं अ‍ॅप दूध संकलन केंद्रांसाठी होतं. दुधातल्या फॅट-एसएनएफचे (स्निग्धांश आणि इतर घन घटक) आकडे आले की दरपत्रकातून भाव काढायचा आणि पावती छापायची. भाव काढायचं गणित कुणी उचलू नये म्हणून वरून आदेश आला, कोड झाका. मी मिनिफाय चालू केलं, एपीके (अ‍ॅप फोनवर बसवायची फाइल) बनवली आणि केंद्रांना थेट पाठवली. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन: "अ‍ॅप सारखं बंद पडतंय, रांग लागलीये."

क्रॅश रिपोर्टमध्ये वर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन (मजकुराचा आकडा करता न आल्याची चूक) होतं. जावाची स्वतःची नावं शाबूत राहतात, त्यामुळे तेवढं कळलं. संदेशात "३.५" असा देवनागरी आकडा होता. म्हणजे फोनची भाषा मराठी, फॉरमॅट करताना लोकेल (आकडे कुठल्या भाषेच्या पद्धतीनं लिहायचे ते) न दिल्यामुळे आकडे देवनागरी झाले आणि पुढं डबलमध्ये (दशांश आकड्यात) बदलताना अडले. ऑफिसातले सगळे फोन इंग्रजीत, त्यामुळे आम्हाला हे कधी दिसलंच नव्हतं. पण असं फॉरमॅट वीसेक ठिकाणी होतं. नेमकं कुठलं? खाली नुसतं ए, बी, सी आणि "अननोन सोर्स".

(वीसही ठिकाणी एकदमच दुरुस्ती का नाही केली? आज मीही स्वतःला हेच विचारतो. पहाटे साडेपाचला डोकं तसं चालत नाही.)

आता खरी चूक. मॅपिंग फाइल (कुठल्या झाकलेल्या नावाचं मूळ नाव काय, याची यादी) बिल्ड फोल्डरात, आउटपुट्सच्या आत पडते आणि पुढची रिलीज बिल्ड तिच्यावरच लिहिते. मधल्या दोन दिवसांत मी दहाएक बिल्ड केल्या होत्या. मूळ फाइल गेली. मी म्हटलं, गिटमध्ये टॅग आहे, त्यावरून पुन्हा बिल्ड करू, मॅपिंग तेच मिळेल. बिल्ड केली, रीट्रेस (मॅपिंगवरून क्रॅश रिपोर्टातली मूळ नावं परत आणणारं साधन) चालवलं आणि स्वच्छ उत्तर आलं: पावती छापणारा क्लास. तिथं लोकेल दिलं, नवी एपीके पाठवली आणि निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फोन.

झालं काय, तर एका लायब्ररीची आवृत्ती मी ग्रेडलमध्ये (बिल्ड करणाऱ्या साधनात) अधिकचं चिन्ह टाकून मोकळी, म्हणजे मिळेल ती नवी घे अशी, सोडली होती. टॅगवरून बिल्ड करताना तिची नवी आवृत्ती उतरली. कोड तोच, पण आत येणारे क्लास बदलले, त्यामुळे नावांचं वाटपही सरकलं. पहिल्या बिल्डमधला "सी.बी.ए" आणि दुसऱ्यातला "सी.बी.ए" यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. आणि रीट्रेस बिचारं कुरकुर करत नाही. कालच्या गाडीचा आरक्षण तक्ता आजच्या डब्याला लावला तरी प्रत्येक बर्थवर कुणाचं तरी नाव सापडतंच, तसं ते. मॅपिंग नसेल तर निदान आपल्याला काही कळत नाही एवढं तरी कळतं. चुकीचं असेल तर आपण ठामपणे भलतीकडे खणत बसतो.

शेवटी आमच्या सीनियरनं केंद्राला पाठवलेली एपीकेच जॅडएक्समध्ये (एपीकेतून कोड परत वाचता येईल असा काढणारं साधन) उघडली. "सी.बी.ए" काढला, आतल्या स्ट्रिंग (कोडात अवतरणांत लिहिलेला मजकूर) वाचल्या. एका टेबलाचं नाव दिसलं: दरपत्रकाचं. पंधरा मिनिटं लागली. बग सापडल्याचा आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, कारण जो कोड "झाकला" होता तो एका माणसानं चहा संपायच्या आत वाचला होता. आर८ नावं पुसतं, स्ट्रिंग जशाच्या तशा ठेवतं. एपीआय की (सर्व्हरच्या सेवांची गुप्त किल्ली) कोडात ठेवून मिनिफायच्या भरवशावर राहत असाल तर आजच काढा. आणि ते गणित खरंच गुपित असेल तर त्याची जागा सर्व्हरवर आहे.

घाबरू मात्र नका. बंदोबस्त सोपा आहे. बिल्ड संपताक्षणी मॅपिंगची प्रत व्हर्जन कोडच्या नावानं, त्याच एपीकेशेजारी ठेवा. फाइल मोठी असते, पण झिप केल्यावर बरीच आटते. प्ले स्टोअरला एपीकेऐवजी बंडल देत असाल तर अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ४.१ पासून मॅपिंग बंडलसोबतच जातं. क्रॅशलिटिक्सचं (क्रॅश रिपोर्ट गोळा करणारी सेवा) प्लगइनही बिल्डच्या वेळीच ते चढवतं. तरी मी स्वतःची प्रत ठेवतोच. शंका आली तर फाइलच्या डोक्यावरचा मॅप आयडी पाहा, दोन बिल्डचं मॅपिंग एकच आहे का ते लगेच कळतं.

ओळ क्रमांकही लागतातच. अँड्रॉइड स्टुडिओ जी प्रोगार्ड नियमांची फाइल बनवून देतं, तिच्यात (आर८ हेच नियम वाचतं) सोर्सफाइल आणि लाइननंबरटेबल राखणारी ओळ कॉमेंट करून ठेवलेली असते. तिच्या आधीचा हॅश (#) काढा. खालच्या रीनेम-सोर्सफाइलच्या ओळीचाही काढा, म्हणजे क्रमांक राहतात आणि फाइलींची खरी नावं बाहेर जात नाहीत.

आणि ते कुठूनतरी उचललेलं "सगळं कीप करा" (काहीच काढू नका, कुठलंच नाव बदलू नका, असा नियम) कृपया चिकटवू नका. क्रॅश थांबतो, पण मग मिनिफाय चालू ठेवून उपयोग काय? असा सल्ला देणाऱ्या मेंटॉरपेक्षा "आधी मॅपिंग दाखव" म्हणून खेकसणारा सीनियर परवडला. जीसनचे (जेसन मजकुराचे ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) मॉडेल क्लास तेवढे नेमके कीप करा, नाहीतर फील्डची नावं बदलतात आणि क्रॅशही न होता रिकामे आकडे येतात.

मॅपिंग सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकू नका, ती झाकलेल्या नावांची किल्ली आहे. आणि एपीके पाठवण्याआधी रिलीज बिल्डमध्ये एकदा मुद्दाम क्रॅश घडवा, जपलेल्या प्रतीवरून रीट्रेस करून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा झिप रिकामी निघाली. कॉपी करणारी स्क्रिप्ट बिल्डच्या आधीच धावत होती.