टीव्हीवर रॉकेटचं उड्डाण बघताना नेमकं काय बघायचं?

धूर, गडगडाट आणि अँकरचा चढलेला सूर एवढंच हवं असेल तर कोणतंही चॅनल चालेल. मोहीम ठरल्याप्रमाणे चालली आहे का, हे स्वतः ओळखायचं असेल तर थोडी तयारी लागते.

आदल्या दिवशी

इस्रोच्या संकेतस्थळावर उड्डाणाआधी माहितीपुस्तिका येते. तिच्यात कोणत्या सेकंदाला काय होणार याचा तक्ता असतो. तो कागदावर उतरवा, शेजारी खूण करायला जागा सोडा. चांद्रयान-३ च्या वेळचा (१४ जुलै २०२३, एलव्हीएम-३ रॉकेट) क्रम साधारण असा होता:

० सेकंद: दोन्ही एस-२०० बूस्टर (बाजूला जोडलेली जोर देणारी रॉकेटं) पेटतात
१०८: मधला एल-११० टप्पा पेटतो
१२७: बूस्टर सुटतात
१९५: यानाभोवतीचं उष्णतारोधक कवच गळून पडतं
३०६: एल-११० सुटतो, लगेच क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारा) सी-२५ टप्पा पेटतो
९५४: सी-२५ बंद
९६९: यान वेगळं होतं

म्हणजे सगळा खेळ सोळा मिनिटांचा. बहुतेक लोक दुसऱ्या मिनिटालाच उठतात.

परदेशी मोहिमेची वेळ भारतीय करून लिहा. अमेरिकेतली बरीच उड्डाणं होतात त्या फ्लोरिडाच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांना नेणारं अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेचं रॉकेट तिथे २५ जून २०२५ ला पहाटे २:३१ ला सुटलं, तेव्हा आपल्याकडे दुपारचे १२:०१ झाले होते.

चॅनल आणि घड्याळ

दूरदर्शन किंवा इस्रोचं यूट्यूब लाइव्ह लावा. खासगी चॅनलवर चित्र तेच असतं, पण त्यावर स्टुडिओतली चर्चा चालते आणि नियंत्रण कक्षातला आवाज दबतो. ऐकायचा असतो तो नेमका तोच. इंटरनेटवरचं प्रसारण काही सेकंद मागे असतं, म्हणून स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळावर नाही, तर तुमच्या पडद्यावर रॉकेट उठताना सुरू करा. टीव्ही आणि मोबाइल एकदम लावू नका, नुसता गोंधळ होतो.

उलटी गणती थांबली तर

‘होल्ड’ म्हणजे रद्द नव्हे. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या (भारतीय अंतराळवीरांना नेणाऱ्या मोहिमेच्या) चाचणी-रॉकेटचं पहिलं उड्डाण संगणकाने पाच सेकंद उरले असताना रोखलं, आणि सकाळी दहाला तेच रॉकेट उडालं. उलट चांद्रयान-२ चं १५ जुलै २०१९ चं उड्डाण ५६ मिनिटं २४ सेकंद बाकी असताना थांबलं, ते थेट २२ जुलैला झालं. खालच्या पट्टीवर काहीही झळको, इस्रोची घोषणा होईपर्यंत टीव्ही बंद करू नका.

पडद्यावरची रेघ

आलेखात एक रेघ ठरलेल्या मार्गाची असते, दुसरी प्रत्यक्षातली. दुसरी पहिलीवरून सरकत राहिली की सगळं ठीक. शेजारी उंची आणि वेगाचे आकडे असतात. त्यातल्या वेगावर नजर ठेवा, कारण कक्षेत टिकायचं की नाही हे शेवटी वेगच ठरवतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही-सी३९ चं उष्णतारोधक कवच सुटलंच नाही. ते जादा ओझं वाहताना वेग हवा तेवढा झाला नाही आणि उपग्रह कवचातच अडकला.

प्रत्येक टप्प्यानंतर ‘परफॉर्मन्स नॉर्मल’ ऐकू येतं. ते ऐकूनच कागदावर खूण करा. घोषणा लांबली आणि कॅमेरा शास्त्रज्ञांच्या चेहऱ्यांवर रेंगाळू लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय. आकडे क्षणभर गोठले तर मात्र घाबरू नका. रॉकेट एका ट्रॅकिंग केंद्राच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत जाताना असं होतं.

चंद्रावर उतरताना दिसतं ते बहुतांशी अ‍ॅनिमेशन. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा लँडर (चंद्रावर उतरणारं यान) विक्रम उतरतानाचं कॅमेऱ्यातलं खरं चित्रण इस्रोने दुसऱ्या दिवशी दिलं. अशा वेळी रेघ जास्त खरं बोलते: चांद्रयान-२ च्या लँडरचा संपर्क तुटला, त्याआधीच त्याची रेघ ठरलेल्या वाटेवरून ढळली होती.

टाळ्यांनंतर

चॅनल दुसऱ्या बातमीकडे वळलं तरी कागद फेकू नका. २९ जानेवारी २०२५ चं श्रीहरिकोट्यातलं शंभरावं उड्डाण रॉकेटच्या बाजूने चोख झालं. पुढे एनव्हीएस-०२ उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारा पदार्थ) पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि कक्षा उंचावता आली नाही. म्हणून तक्त्याखाली आणखी दोन ओळी वाढवा: ‘सौरपंख उघडले’ आणि ‘कक्षा उंचावली’. त्यांच्यापुढची खूण इस्रोचं निवेदन वाचूनच करायची.