तिसऱ्या सॅलरी स्लिपनंतर

2019 च्या मे महिन्यात नागपुरात आमच्या वस्तीत, इंदोऱ्याच्या मागच्या अंगाला, एक ताई अन् दोन पोरं पत्रकं वाटत फिरत होती. 'मोफत प्रशिक्षण, 100 टक्के नोकरी.' खाली एका कंपनीचं बोधचिन्ह आणि एका संस्थेचा पत्ता. मी बारावी पास होऊन वर्षभर घरीच होते. बाबा ई-रिक्षा चार्जिंगला लावत होते. पत्रक हातात घेऊन म्हणाले, "फुकटात कोनी काही देत नाही, पोरी. कोनीतरी पैसे भरूनच राहिलं असंन."

बाबांना कंपनी कायदा माहीत नव्हता, पण कलम 135 त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यातलं काहीही एक असलं की त्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे, असा 1 एप्रिल 2014 पासूनचा नियम आहे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. कशावर खर्च चालतो त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि रोजगाराची कौशल्यं शिकवणं त्यात येतं. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. त्यामुळे बुटीबोरी, हिंगणा, मिहानकडच्या कंपन्या आणि आमच्यासारख्या वस्त्या यांची गाठ पडते. मध्ये असते संस्था. शिकवते ती, पैसे कंपनीचे.

हे सगळं मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी तीन महिन्यांचा रिटेलचा कोर्स केला, नोकरीला लागले, सोडली आणि 2021 पासून दुसऱ्या एका संस्थेत मोबिलायझर म्हणून काम करते आहे. म्हणजे आता पत्रकं मी वाटते. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी पोट्टं अशा कोर्सला जायचा विचार करत असेल, तर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगते.

पहिली गोष्ट हिशेबाची. संस्थेला पैसे बहुतेक वेळा टप्प्याटप्प्यानं मिळतात. किती पोरं दाखल झाली, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती नोकरीला लागले आणि त्यातले किती तीन महिने टिकले. या शेवटच्या खान्यासाठी तुमच्या तीन सॅलरी स्लिपा लागतात. तुम्ही कोर्स अर्धवट सोडला की संस्थेचं खरंखुरं नुकसान होतं. म्हणूनच दोन दिवस आला नाहीत तर घरी माणूस येतो. मला आधी वाटायचं, किती काळजी करतात! काळजी होतीच, आमच्या सेंटरच्या मॅडम मनापासून करायच्या. पण त्यांच्या लॅपटॉपवर एक एक्सेल होती आणि त्यात माझी एक ओळ होती. हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही. उलट प्रश्न विचारायची हिंमत आली. ज्याला आपली गरज आहे त्याला प्रश्न विचारता येतात.

तर दाखल होताना विचारा. मागच्या बॅचचे किती जण आज नोकरीवर आहेत, आणि त्यातल्या दोघांशी बोलू द्याल का? आकडा कोणीही सांगेल, फोन लावून देणारे थोडे असतात. संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांकही विचारा. 2021 पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. कंपनीनं आपले मंजूर सीएसआर प्रकल्प वेबसाइटवर टाकायचे असतात, तेही दहा मिनिटं काढून बघा. जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या बॅचबद्दल जरा जास्त चौकशी करा. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, न वापरलेला पैसा वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावा लागतो, आणि त्या घाईत बॅचा भराभर उघडतात. चांगल्याही असतात त्यातल्या काही. पण अशाच एका बॅचमध्ये मी ब्यूटिशियनच्या कोर्सला बसवलेली बीकॉमची पोरगी पाहिली आहे, केवळ खुर्ची रिकामी होती म्हणून.

आमच्या कोर्समध्ये एकदा कंपनीचे साहेब येणार होते. आदल्या दिवशी सगळ्यांना टी-शर्ट मिळाले, सगळ्यांना एकच साइज. दहा कॉम्प्युटर होते, त्यातले चार बंद. बंद कॉम्प्युटरसमोर उंच पोरं बसवली, म्हणजे स्क्रीन झाकला जाईल. फोटो निघाले, साहेब गेले, टी-शर्ट आमच्याकडेच राहिले. माझा अजून पोछ्याला कामी येतो.

पण त्याच कंपनीतून शनिवारी जी माणसं यायची, ती मात्र सोडू नका. व्हॉलंटियर म्हणून येतात, चहा-बिस्किट खातात आणि 'मॉक इंटरव्ह्यू' घेतात. माझा घेतला तो बहुधा अकाउंट्समधला दादा होता. मी पाठ करून आले होते, 'माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क' वगैरे. त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि मराठीत विचारलं, "दुकानात एक बाई आली, म्हणाली हा कुर्ता परवा घेतला, एकाच धुण्यात रंग गेला. बिल हरवलं. काय करशील?" मी गप्प. मग म्हटलं, माफी मागेन. "मग?" मॅनेजरला बोलवेन. "मॅनेजर जेवायला गेला." मी परत गप्प. तो हसला नाही. म्हणाला, आधी तिला बसायला सांग. मग विचार, पैसे कसे दिले होते. कार्डानं किंवा फोननं दिले असतील तर बिल सापडतं. तीन महिन्यांत जे मोठमोठ्या नावांचं शिकवलं त्यातलं किती वापरलं सांगता येत नाही, पण 'पैसे कसे दिले होते' हा प्रश्न मी नोकरीत पहिल्याच आठवड्यात वापरला. अशा माणसांना इंग्रजीच्या टिप्स मागू नका. तुमच्या ऑफिसात नवीन माणूस पहिल्या महिन्यात काय चुकतो, हे विचारा. ते त्यांना नक्की माहीत असतं आणि सांगायला आवडतंही.

कागदपत्रांचं थोडक्यात. आधार, टीसी, मार्कशीट आणि बँक पासबुक, चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी आहे का ते कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आडनावाचं स्पेलिंग तर शाळेतल्या बाईंच्या मूडवर ठरलेलं. नोकरी लागल्यावर हेच पीएफला अडतं आणि मग सुट्टी काढून आधार केंद्राच्या लायनीत उभं राहावं लागतं. सुट्टी म्हणजे पगारकपात.

आता पगार. प्लेसमेंटच्या दिवशी मला सांगितलं, चौदा हजार. मी घरी चौदा सांगितले, आईनं मावशीला चौदा सांगितले. पहिल्या महिन्यात खात्यात आले 10,270. आई म्हणाली, "तू तं चौदा सांगून राहिली होती वं. बाकीचे कुठं गेले?" मला वाटलं, चोरले. संस्थेच्या सरांना फोन केला, ते म्हणाले स्लिप घेऊन ये. सेंटरवर बसून त्यांनी पेननं मांडून दाखवलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

माझा ठरलेला पगार होता 12,000. त्यातून पीएफचे 12 टक्के, 1,440 गेले. राज्य कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे पाऊण टक्का, 90 गेले. व्यवसाय कर 200. उरले 10,270. मग चौदा कुठून आले? मालकाला माझ्यासाठी पीएफचे आणि त्यावरच्या आकारांचे मिळून 13 टक्के, 1,560 भरावे लागतात, ईएसआयचे सव्वातीन टक्के, 390 भरावे लागतात. बारा हजारांत ते मिळवले की होतात 13,950. ह्याला सीटीसी म्हणतात. पत्रकावर आणि प्लेसमेंटच्या तोंडी हाच आकडा असतो, कारण तो मोठा दिसतो. खोटा नसतो, पण किराणा त्यात येत नाही. तुम्ही 'हातात किती' एवढंच विचारा, आणि तोच आकडा घरी सांगा. (व्यवसाय करात 2023 पासून बायकांना महिना 25 हजारांपर्यंत सूट आहे. मला तेव्हा नव्हती.)

कापलेले पैसे वाया जात नाहीत, हे मात्र पटवून घ्या. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या, नोकरी बदलली तरी तोच चालतो. ईएसआयचं कार्ड बनवून त्यात आईवडिलांची नावं घाला. त्या नव्वद रुपयांवर माझ्या आईला सोमवारीपेठेतल्या विमा रुग्णालयात दाखवता आलं. त्यानंतर तिनं 'बाकीचे कुठं गेले' हे विचारणं सोडलं.

आयटीआयवाल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर मिळतं ते विद्यावेतन, पगार नाही, आणि पीएफही कापला जात नाही. 2019 च्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे महिना किमान 5,000 ते 9,000 ठरलं होतं. करारावर 'अप्रेंटिस' लिहिलंय की 'ट्रेनी' ते वाचूनच सही करा. दोन्हींत फरक आहे.

सह्यांवरून माझी स्वतःची चूक सांगते. जॉइनिंगला सात-आठ कागद पुढं आले आणि मी भराभर सह्या केल्या. दुकान वर्धा रोडला, मी राहणार इंदोऱ्याला. पहिले तीन महिने सकाळची शिफ्ट होती. 'आपली बस' या सिटी बसनं बर्डी, म्हणजे सीताबर्डी, तिथून दुसरी बस, सव्वा तासात पोचायची. चौथ्या महिन्यात शिफ्ट बदलली, दुपारी एक ते रात्री दहा. हिशेब मिळवून बाहेर पडेपर्यंत सव्वादहा व्हायचे. बस नाही, ऑटोवाला मागेल ते पैसे. पहिले काही दिवस बाबा रिक्षा घेऊन यायचे, पण येताजाता बॅटरी संपायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेच्या फेऱ्या बुडायच्या. माझ्या पगारासाठी त्यांची कमाई जात होती.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकानं करायची. माझी संमती त्या सात-आठ कागदांत होती. गाडी कुठंच नव्हती. मला कायदा माहीत नव्हता आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. संस्थेतून दर महिन्याच्या सात तारखेला फोन यायचा, "स्लिप पाठव ना बेटा." तिसरी स्लिप पाठवली आणि फोन थांबला. मी दोनदा केला, सर नव्या बॅचमध्ये होते. 2020 च्या फेब्रुवारीत मी नोकरी सोडली. महिन्याभरानं लॉकडाऊन लागला, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बरं झालं आधीच सोडली. बरं काहीच झालं नव्हतं.

आता इंदोरा चौकातून खापरीपर्यंत थेट मेट्रो आहे, 2022 च्या डिसेंबरात हा टप्पा सुरू झाला. मिहानकडची नोकरी आमच्या भागातल्या पोरींना त्यामुळे जमू लागली. पण बुटीबोरीचं काम असेल तर अजूनही पहिला प्रश्न 'कंपनीची बस कुठून निघते' हाच ठेवा, आणि ज्या शिफ्टला जाणार त्या वेळेला एकदा स्वतः जाऊन-येऊन बघा. ऑफर लेटर हातात येण्याआधी. मी आता पोरींना घेऊन हे करते. एक रविवार जातो.

आणखी एक करते. आमच्याही एक्सेलमध्ये तिसऱ्या महिन्याचाच खाना आहे, चौथ्याचा नाही. मी वहीत चौथा आखून घेतलाय आणि फोन करते. मागच्या आठवड्यात एका पोरीला केला, ती मिहानमध्ये एका कँटीनच्या काउंटरवर असते. उचलल्या उचलल्या म्हणाली, "ताई, तिन्ही स्लिपा टाकल्या न मी. आता कोनती पाहिजे?"

कोणतीच नको म्हटलं.

"मंग फोन काऊन केला?"

म्हटलं, शिफ्ट बदलली का, ते विचारायला.