पन्नाशीत नट व्हायचंय? आधी घरखर्चाची वही काढा

सातारा स्टँडवर अजूनही लोक मला "मास्तर" म्हणूनच हाक मारतात. सातारा आगारात 28 वर्षं कंडक्टर होतो. 2024 च्या जूनमध्ये राजीनामा दिला तेव्हा वय होतं 51. आता मालिकांत आणि सिनेमांत कामं करतो. नवरीचा बाप, सरपंच, दवाखान्यातल्या बाकावर बसलेला शेतकरी. महिन्याला सरासरी आठ-नऊ दिवस काम असतं. त्यामुळे कुणी ना कुणी थांबवून विचारतंच. मागच्या आठवड्यात कोरेगावच्या एक बाई भेटल्या, शाळेत क्लार्क, वय 47. म्हणाल्या, "मास्तर, कॉलेजात नाटकं केली होती. आता मुलं मार्गाला लागली. सोडू का नोकरी?"

मी म्हणालो, "एवढ्यात नको, ताई." पण अभिनय करू नका असं चुकूनही म्हणालो नाही. करायचंच आहे. फक्त धोका एकदम अंगावर घ्यायचा नाही, हप्त्याहप्त्याने घ्यायचा. कुठला हप्ता आधी आणि कुठला नंतर, ते त्यांना स्टँडवर उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

डॉ. श्रीराम लागू आमच्या साताऱ्यात जन्मले. कान-नाक-घशाचे सर्जन. 1969 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी कितीतरी वर्षं ते पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेच्या नाटकांत कामं करत होते, हे सांगायचं मात्र राहून जातं. त्यांनी व्यवसाय सोडला तेव्हा नट म्हणून त्यांचं बरंच शिक्षण होऊन गेलं होतं. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण हा क्रम मी त्यांच्याकडून उचलला.

नोकरी न सोडता पहिली दोन-तीन वर्षं

आपल्या गावातल्या हौशी नाट्यसंस्थेत जाऊन उभे राहा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे तालमी पावसाळ्यातच लागतात. जून-जुलैत जा. गेल्या गेल्या भूमिका मागू नका. "पडेल ते काम करतो" म्हणा आणि खरोखर करा.

2017 साली मला प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट वाक्य विसरला की आडून ते सांगायला, बसवलं. दोन महिने रोज संध्याकाळी सातनंतर संहिता मांडीवर घेऊन बसायचो. कोण कुठे अडखळतो, कुठलं वाक्य जिभेवर बसत नाही, समोरच्याचं न ऐकता बोललं की प्रसंग कसा मरतो, हे मला तिथं दिसलं. पैसे देऊन लावलेल्या कुठल्याही वर्गात ते इतकं नीट दिसलं नसतं असं माझं ठाम मत आहे. ड्यूटीचं गणित मात्र जमवावं लागलं. मुक्कामाच्या गाड्या कुणी घेईना, त्या मी रविवारी घेतल्या आणि बदल्यात तालमीच्या संध्याकाळी मोकळ्या करून घेतल्या. तुमच्या नोकरीतही अशी नको असलेली पाळी कुठली तरी असेलच. ती मागून घ्या आणि बदल्यात वेळ मागा.

पुढच्या वर्षी सांगली केंद्रावर, भावे नाट्यमंदिरात, मला चार मिनिटांची भूमिका मिळाली. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या गावात माझं पहिलं पाऊल पडलं. विंगेत उभा असताना माझे तळहात ओले झाले होते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हात असे ओले होतात तेव्हा माणूस अजून जिवंत आहे असं वाटतं. ती चार मिनिटं संपली आणि घरी परतताना उंब्रजपर्यंत मी गाडीत कुणाशी बोललो नाही.

सरकारी नोकरीत असलेल्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 एकदा वाचून काढावेत. मानधन घेऊन मालिकेत काम करायचं असेल तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. "कुणाला कळतंय" म्हणून गप्प राहू नका, मालिका घरोघरी दिसते.

कॅमेऱ्यासमोर

आपल्याकडचं नशीब असं की मुंबईला न जाता सुरुवात करता येते. वाई, मेणवली, साताऱ्याच्या आसपासची गावं, इथे मालिकांची आणि सिनेमांची शूटिंग होत असतात. छोट्या भूमिकांसाठी त्यांना जवळचीच माणसं लागतात, कारण प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वाचतो, आणि बोली आपोआप खरी येते. पन्नाशीच्या माणसाला इथे वयाचा तोटा नसतो. आई, बाप, आत्या, मामा, पोस्टमन, सासरा यांच्याशिवाय मराठी मालिका चालत नाही.

माझं पहिलं काम वाईजवळच्या एका वाड्यात होतं, 2022 च्या मे महिन्यात. नवरीचा बाप. पाहुण्यांना पितळी तांब्यातून पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "घर बघून घ्या, आमच्याकडं लपवाछपवी नाही." पहिल्यांदा म्हणालो तर दिग्दर्शक, वय तीस असेल, जवळ येऊन हळू म्हणाला, "काका, शेवटच्या सीटपर्यंत नको. या तांब्यापर्यंत पोचू दे." नाटकाचा आणि गाडीतला आवाज माझ्या अंगात मुरलेला. मी तांब्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि ते बसलं.

मग मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग दिसणारा, झाला आणि त्याच प्रसंगाचा क्लोज, म्हणजे जवळून घ्यायचा शॉट, लावला. क्लोजमध्ये मी तांब्या डाव्या हातात घेतला. असिस्टंट मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने माझ्या हातातून तांब्या काढला, उजव्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, 'बघून'वर उचलला होता आणि 'नाही' म्हणताना खाली ठेवला होता." तिला माझे हात माझ्यापेक्षा जास्त लक्षात होते. तेव्हापासून कागदावर प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलने हाताचं काम लिहितो: इथे टोपी काढली, इथे खुर्ची ओढली, कुठल्या हाताने. तुम्हीही लिहा. त्याला कंटिन्युइटी म्हणतात, आणि ती सांभाळणाऱ्या छोट्या नटाला पुन्हा बोलावतात.

त्या मुलीने शिकवलेलं घेताना मला कमीपणा वाटला नाही, पण बऱ्याच जणांना वाटतो हे मी सेटवर पाहिलंय. निवृत्त अधिकारी, हेडमास्तर, यांना तीस वर्षं कुणी टोकलेलं नसतं. इथे दिवसातून दहा वेळा टोकतात. पैशाचा धोका सगळे मोजतात, हा मानाचा धोका कुणी मोजत नाही. आधी तालमीत तो सोसून बघा.

ऑडिशन आता बहुतेक मोबाइलवरच होते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, काहीतरी टेकवून ठेवलेला. पाठीमागे कोरी भिंत. खिडकी तोंडासमोर येईल असे बसा, पाठीशी खिडकी असली की चेहरा काळा पडतो. सकाळी नऊ-दहाचा उजेड चांगला. पंखा बंद करा, तो रेकॉर्डिंगमध्ये घरघरतो. समोरच्या पात्राची वाक्यं बोलायला कुणीतरी लेन्सच्या अगदी शेजारी बसवा आणि त्या माणसाकडे बघून बोला. माझी बायको बोलते, सपाट आवाजात, आणि तेच बरं पडतं. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, कुठल्या भाषा आणि बोली येतात ते सांगायचं, मग डावी-उजवी बाजू दाखवायची. वय खरं सांगा. केस काळे करून पाठवू नका, तुमचे पिकलेले केसच त्यांना हवे असतात.

पाठांतराबद्दल लोक घाबरून विचारतात. पन्नाशीनंतर पाठ होतं, पण वेगळ्या रीतीने. मी वाक्यं हाताने तीनदा लिहितो, मग चालताना म्हणतो. साताऱ्यातल्या राजवाड्यापासून 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढ चढताना म्हटलेलं वाक्य दम लागलेल्या अवस्थेतही आठवलं, तर ते पक्कं.

पैसा

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या. मी दिला.

2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पाच महिने पगार नव्हता. त्या काळात बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पानांमागे रोजचा खर्च लिहून ठेवला होता. दूध, गॅस, माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं. 2023 मध्ये रात्री जेवण झाल्यावर मी नोकरी सोडायचा विषय काढला. ती काही बोलली नाही. उठली, माळ्यावरच्या डब्यातून ती पानं काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मग विचारलं, "अहो, कामच नाही मिळालं तर किती महिने?"

मी म्हणालो, "वर्षभर."

"दीड वर्षाचे बाजूला काढा. मग बोलू."

आमचा खर्च महिना 22,000. दीड वर्षाचे झाले 3,96,000. पोस्टातली आरडी, शूटिंगचे साठवलेले पैसे आणि तिचं शिवणकाम, असं करत ते जमायला चौदा महिने लागले. वेगळं खातं उघडलं, दोघांच्या नावावर. ते भरलं त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. पीएफ आणि ग्रॅच्युइटी या हिशोबात धरली नाही. ती म्हातारपणाची आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरलं.

तुमचा आकडा वेगळा येईल, पण घरच्यांसमोर स्वप्न मांडण्याआधी आकडा मांडा. धोका तुम्ही एकटे घेत नसता, गॅसची टाकी संपते तेव्हा तो सगळ्या घराचा असतो.

राजीनाम्याआधी तपासायच्या गोष्टी. ग्रॅच्युइटीचा हिशोब शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं असा असतो, तो स्वतः करून बघा. पीएफची पेन्शन पूर्ण मिळते 58 व्या वर्षी. 50 नंतर लवकर सुरू करता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितक्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के कापतात, आणि ती कपात कायमची. मी थांबलोय. आरोग्य विमा नोकरीत असतानाच उतरवा. आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत संरक्षण मिळत नाही, म्हणून ती वर्षं पगार चालू असतानाच मोजून संपू द्या. मुलीचं लग्न, घराचं कर्ज, असं काही मोठं डोक्यावर असेल तर ते आधी उतरवा. तीन वर्षं उशीर झाला तरी बापाच्या भूमिका संपत नाहीत.

आणि हे कुणी सांगत नाही: मालिकेचे पैसे काम झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी येतात. पहिले तीन महिने रोज काम केलंत तरी हातात शून्य. त्यातूनही 10 टक्के टीडीएस कापून येतो. वर्षाअखेर रिटर्न भरा, कर लागत नसेल तर तो परत मिळतो. मी वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवतो: तारीख, कुणाचं काम, किती ठरले, किती आले, कधी आले. कंडक्टरचं वे-बिल, म्हणजे तिकिटांचा आणि पैशांचा हिशोब, जुळल्याशिवाय घरी जायचं नसतं, ती सवय इथे फार उपयोगी पडली.

जिथे मी फसलो

2019 मध्ये एकाने फोन केला, मोठ्या मालिकेत काकाची भूमिका आहे, पुण्यात एका हॉटेलात या. तिथे वीस-पंचवीस माणसं बसलेली, बहुतेक माझ्याच वयाची, इस्त्रीचे कपडे घालून. "कलाकार कार्ड" काढायला 15,000 मागितले. मी दिले. ती मालिकाच नव्हती. पैशापेक्षा माझ्या शेजारी बसलेल्या एका निवृत्त मावशींचा चेहरा अजून छळतो. त्यांनी बांगडी गहाण टाकून आणले होते, आणि मला विचारत होत्या, "दादा, आपलं होईल ना?"

म्हणून स्पष्ट सांगतो. काम देणारा नटाकडून पैसे घेत नाही. नोंदणी, कार्ड, पोर्टफोलिओ, कपड्यांची अनामत, कशाच्याही नावाखाली मागितले की उठा. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर तुमच्या मानधनातून कमिशन कापेल, तेही आधी किती ते विचारून घ्या आणि मेसेजवर लिहून मागा. आणि त्या हॉटेलात कधी बसावं लागलंच, तर उठताना शेजारच्यालाही उठवा. मी उठवलं नाही.

काम ठरलं की बॅग भरा. साध्या रंगाचे दोन शर्ट, एक धोतर किंवा दोन सुती साड्या, स्वतःची चप्पल, गोळ्या, पाण्याची बाटली, एखादी दशमी. शिफ्ट बारा तासांची असते आणि तुमचा शॉट अकराव्या तासालाही लागतो. चष्मा लागत असेल तर जुन्या घडणीच्या फ्रेमचा, काचेवर दिव्याची चमक न येणारा, वेगळा करून ठेवा. माझा पोवई नाक्यावर करून घेतलाय. आतापर्यंत सहा बाप आणि एक सरपंच त्याच चष्म्यातून झालेत.