कढीपत्त्याची कुंडी कधी बदलायची?

सकाळी भरपूर पाणी घातलं आणि संध्याकाळी कुंडी पुन्हा ठणठणीत कोरडी? किंवा वरून घातलेलं पाणी लगेच खालच्या भोकातून बाहेर? मग आत मातीपेक्षा मुळंच जास्त झालीत. खात्रीसाठी रोप गड्ड्यासकट अलगद बाहेर काढून बघा. मुळांनी चुंबळीसारखा वेढा घातला असेल तर बदला. बाजूला माती मोकळी दिसली तर आहे तसं परत ठेवा. नुसती पानं पिवळी पडली म्हणून घाई नको, जास्त पाण्यानंही पडतात.

कोल्हापुरात मला फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ बरा वाटतो, पालवी फुटायच्या बेतात असते. मे महिन्याच्या उन्हात नको, जुलैच्या झडीत तर नकोच.

आठ इंची कुंडीतून दहा इंचीत न्या. एकदम वीस इंची घेतली की जास्तीची माती ओली राहते आणि मुळं कुजतात (हौसेला मोल नसतं, पण झाडाला असतं!). शेतातली काळी माती नुसती भरू नका, ती घट्ट बसते. शेणखत आणि जाड वाळू मिसळा. वेढा बोटांनी सैल करा. नंतर आठवडाभर सावलीत ठेवा आणि तोवर फोडणीसाठी पानं शेजाऱ्यांकडून मागा.