तामिळनाडूला निघालात? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं तामिळनाडूची वाट धरतात, आणि पहिली चूक तिथेच होते. आपला पाऊस परतलेला असतो, त्यांचा मात्र तेव्हाच सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून पाऊस आणतात, आणि चेन्नईपासून नागपट्टिणमपर्यंतच्या किनाऱ्यावर वर्षातला सर्वात जास्त पाऊस याच दिवसांत पडतो. जमलं तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा. पोंगलचे दिवस टाळा, तेव्हा गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. सुट्टी दिवाळीतच मिळणार असेल, तर एक दिवस मोकळा राखा. वादळाचा इशारा आलाच, तर रामेश्वर पुढे ढकलून मदुराईत थांबता येतं.

दुसरी चूक वेळेची. तिथली बहुतेक मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारला उघडतात. आम्ही पहिल्या खेपेला मदुराईहून निवांत नाश्ता करून निघालो आणि तंजावरला एक वाजता पोहोचलो. दार बंद, सोबत म्हातारे आईवडील, डोक्यावर ऊन. आता मी दिवस उलटा आखतो: सकाळी सहा-सातला देऊळ, दुपारी तंजावरचा राजवाडा आणि तिथल्या कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती, संध्याकाळी पुन्हा देऊळ. महाबलीपुरमची पल्लवकालीन शिल्पं पुरातत्त्व खात्याकडे आहेत, ती दुपारीही उघडी असतात.

आता तंजावरबद्दल जरा सविस्तर, कारण इथे आपली माणसं सर्वात जास्त गमावतात. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही, असं हमखास ऐकवलं जातं. ते खरं नाही. संध्याकाळी आवारात थांबा, लांबच लांब सावली डोळ्यांनी दिसेल. खरं नवल वेगळं आहे. मदुराईला किंवा श्रीरंगमला दारावरची गोपुरं सर्वात उंच, इथे मात्र गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, साठ मीटरहून उंच आणि गोपुरं त्याच्यापुढे लहान. हा फरक लक्षात घेऊन पाहिलं की चोळांचं देऊळ आणि नंतरच्या नायक राजांचं देऊळ आपोआप वेगळं ओळखू येतं.

आणि दर्शन झाल्या झाल्या बसकडे पळू नका. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतींवर मराठीत, देवनागरीत कोरलेला लांबलचक शिलालेख आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इथे गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. ती अक्षरं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ तिथून हललो नाही. सरफोजीराजांनीच वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ आणि संस्कृतसोबत मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रंही जपलेली आहेत.

रामेश्वरबद्दल दोनच गोष्टी. बावीस कुंडांचं स्नान करणार असाल तर कोरडे कपडे सोबत हवेतच, ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. धनुष्कोडी दिवसाउजेडी करा. १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेलं ते गाव आहे, संध्याकाळनंतर तिथे जाऊ देत नाहीत.

माझ्या मते सर्वात मोठी चूक म्हणजे जिंजी वगळणं. महाराजांनी १६७७ मध्ये हा किल्ला घेतला. पुढे रायगडाला मोगलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिथून निसटून इथे आले आणि मोगलांच्या वेढ्याला तोंड देत १६९८ च्या सुरुवातीपर्यंत जिंजी लढत राहिली. स्वराज्याची राजधानी तेवढा काळ इथे होती. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव. तरीही चेन्नईहून तिरुवण्णामलईला जाणाऱ्या कितीतरी गाड्या पायथ्यावरून सरळ निघून जातात.

जाणार असाल तर बसस्टँडवर ‘जिंजी’ विचारून भागत नाही. तिथे गावाला ‘सेंजी’ म्हणतात आणि इंग्रजी पाट्यांवर नाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं असतं. हिंदीवर विसंबू नका, सोप्या इंग्रजीत किंवा खुणांनी काम होतं. किल्ला तीन टेकड्यांवर पसरलाय. सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका, राजगिरी निवडा आणि सकाळी लवकर चढा, कारण दुपारी दगड तापतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि खाऊ पिशवीत आतच ठेवा, वानरं हातातून ओढून नेतात. उतरल्यावर पायथ्याच्या कल्याण महालाच्या सावलीत बसायला अर्धा तास राखून ठेवा.